काढा की ठेवा

४ फेब्रुवारी, रविवार

मेला! सकाळी झाकण उघडलं, बटण दाबलं — गोल ठिपके फिरले, काळं झालं, पुन्हा ठिपके, पुन्हा काळं. सात वेळा. आठव्यांदा निळ्या पडद्यावर लिहून आलं, ‘तुमचा पीसी योग्यरीत्या सुरू झाला नाही’. अरे, ते मला पण दिसतंय की! डॉक्टरनं यावं आणि सांगावं, पेशंट आडवा झालाय.

चूक माझीच. काल अपडेट चालू होतं, ‘बंद करू नका’ असं लिहिलेलं होतं. मी अर्धा तास बघितलं आणि बटण दाबून धरलं. मला कुठला धीर! कामावरचा मुकादम म्हणतो, तुझ्या बुडाखाली मुंग्या आहेत. मुंग्या नाहीत, वारूळ आहे.

आणि बरोब्बर अकराला बाबांचा फोन. दर रविवारी येतोच.

वही नवी आहे, तिला काय माहीत, म्हणून सांगून ठेवतो. बाबा पाट्या रंगवायचे. चाळीस वर्षं. किराणा, सलून, दवाखाने, शाळा — आमच्या गावात जे काही वाचता यायचं ते बाबांच्या हातचं. मग छापील फ्लेक्स आले आणि एकेक पाटी खाली उतरली. उतरायच्या आधी ताईनं सायकलवर फिरून प्रत्येकीचा फोटो काढला. एकशे बारा पाट्या. बाबांनी नंबर दिले. ताईचा तो फोन पुढं पाण्याच्या पिंपात पडला. म्हणजे फोटो आता फक्त एका जागी आहेत — या मेलेल्या लॅपटॉपमध्ये. इकडं कामाला येताना मीच तो उचलून आणला. ताई वर्षभर म्हणतेय, पाठव. मी वर्षभर म्हणतोय, उद्या.

तर बाबांचा फोन. दर रविवारी एक नंबर सांगतात आणि मला वाचायला लावतात. सातवीत शाळा सोडली त्याची शिक्षा, दुसरं काय!

“बारा वाच,” म्हणाले.

मी काळ्या पडद्याकडं बघत ठोकून दिलं, “येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील.”

“रंग?”

“पिवळा.”

“पिवळा,” ते म्हणाले. मग, “बरं.”

सुटलो!

५ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर चौदाव्या मजल्यावर दोराला लटकून काचा पुसल्या. आत माणसं लॅपटॉपवर टकटक करत होती. सगळ्यांचे चालू. एकाला तर खुणेनं विचारणार होतो, भाऊ, जरा बघतोस का?

खोलीतला जोडीदार लिफ्टला ग्रीस लावतो, म्हणून त्याला सगळे इंजिनिअर म्हणतात. आता त्याला स्वतःलाही तसं वाटायला लागलंय. लॅपटॉपला कान लावून म्हणाला, “आत हवा धरलीय.” मग दोन चापट्या मारल्या. ठिपके फिरले, काळं झालं.

“बघ, फिरायला लागला,” म्हणे.

आधी पण फिरतच होता!

७ फेब्रुवारी, बुधवार

ताईचा फोन. “फोटो पाठव. बाबांना मोठे करून हवेत. भिंतीएवढे.”

“भिंतीएवढे? पाट्या तेवढ्या नव्हत्या, तायडे!”

“तुला काय करायचंय? या महिन्यात पाठव. नंतर नको.”

“नंतर का नको? बाबांचं लग्न आहे का?”

एरवी ताई मला सोडत नाही, एकाला दोन ऐकवते. आज नुसती म्हणाली, “पाठव ना रे.” आणि ठेवला.

लॅपटॉप बिघडल्याचं सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलेलं गिळलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सुटी झाल्यावर मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेलो. बाई एकटीच. नाकावर चष्मा, चष्म्यावर अजून एक भिंग.

“काय केलंस?”

“काही नाही.”

“सगळे हेच म्हणतात. अपडेट चालू असताना बंद केलास ना?”

बाई आहे का ज्योतिषी!

तिनं तपासून सांगितलं — डिस्क चांगली आहे, आतलं सगळं जागच्या जागी आहे. फक्त सिस्टिम बिघडलीय, म्हणजे हे सगळं हाकणारा मुख्य प्रोग्राम. तो नवा बसवायचा. आधी फोटो बाहेर घेऊन मग बसवलेला बरा, पण तिच्याकडं दहा दिवस नंबर नाही. दहा दिवस! मी म्हणालो, मीच करतो.

“कर. दुरुस्तीच्या पडद्यावर ‘रीसेट’ येईल. पुढं दोन पर्याय असतात. एकात फायली राहतात, एकात जातात. नीट वाच.”

कुठल्यात राहतात ते विचारायला हवं होतं. पण मागं तीन गिऱ्हाइकं उभी, आणि ती त्यांच्यासमोर ‘नीट वाच’ म्हणाली! मी काय आंधळा आहे? “हो हो, माहितेय,” म्हणून निघालो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तो बैल म्हणजे मीच.

१० फेब्रुवारी, शनिवार

जादा काम. खांदे गेले. उद्या ऑपरेशन.

११ फेब्रुवारी, रविवार

अक्षर बघ कसं आलंय. होतं तेही मुंगीचं, आता दारू प्यायलेल्या मुंगीचं.

सकाळी इंजिनिअरला बाहेर हाकललं. दुरुस्तीचा पडदा आला. ताईनं सगळं मराठीत करून दिलंय, ते एक बरं. सावकाश बोट ठेवून वाचलं. ‘रीसेट’ दाबलं. आले दोन पर्याय —

माझ्या फाइल्स ठेवा.
सर्व काढा.

खाली बारीक अक्षरांत लांबलचक काहीतरी होतं. ते सोडून दिलं. मी डोकं चालवलं. डोकं चालवलं तिथंच माशी शिंकली!

म्हटलं, ‘ठेवा’ म्हणजे आतच ठेवा. आणि आत तर मोडतोड झालीय. पडक्या घरात सामान कोण ठेवतं? घर दुरुस्तीला काढलं की आधी माणूस काय ओरडतो? काढा, काढा, सगळं बाहेर काढा! दुकानवाली पण म्हणाली होती, आधी बाहेर घेतलेलं बरं. दाबलं — सर्व काढा.

पुढं विचारलं, ड्राइव्ह साफ करायचा का? म्हटलं, वा! हे तर आमचंच काम. कर की बाबा साफ. ‘पुढे’ दाबलं. आता शेवटचं एक बटण राहिलं, ‘रीसेट करा’. बोट त्याच्यावर नेलं —

अकरा. फोन.

उचलणार नव्हतो. पण बाबांचा रविवारचा फोन चुकवला की ताईचे अकरा येतात.

“वाच,” म्हणाले. “एकेचाळीस.”

मी नुसतं “अं... अं...” केलं.

“का रे? आज पाठ नाही का?”

“बाबा, ते जरा...”

“राहू दे पाटी. आत्ता तुझ्या पुढ्यात जे लिहिलंय ते वाच.”

त्यांना कसं कळलं! पण त्या आवाजापुढं आपलं काही चालत नाही. सगळं ओकलो. अपडेट, ठिपके, चापट्या, दुकानवाली. पडद्यावरचं वाचून दाखवलं. मी काय काय दाबलं ते पण सांगितलं.

बाबा म्हणाले, “साफ म्हणजे काय रे?”

“साफ म्हणजे साफ. आम्ही काच करतो तशी. घाण जाते, काच राहते.”

“आणि मी जुनी पाटी साफ करायचो तेव्हा काय जायचं?”

“...अक्षरं.”

“राहायचं काय?”

“पत्रा.”

“मग गाढवा, त्या डब्यात आपले फोटो म्हणजे काच, का अक्षरं?”

चटका बसल्यासारखा हात उचलला. बटण आपलं समोर, निळंशार, दाब मला म्हणत.

“पण बाबा, ‘काढा’ म्हणजे बाहेर काढा ना? मी म्हटलं...”

“एकेचाळीस नंबर आठव.”

आठवली. दातांच्या डॉक्टरची. ‘येथे दात न दुखता काढून मिळतील.’ गावातली माणसं डॉक्टरला विचारायची, दुखतच नाही तर काढायचा कशाला?

“काढलेला दात कोणी घरी नेलाय का?” बाबा म्हणाले. “काढला म्हणजे गेला.”

आणि हसायला लागले. मोठ्यानं. मी इकडं अर्धा मेलेलो आणि हे हसतायत!

“दात काढू नका,” मी म्हणालो.

“काढायला उरलेत किती!”

मागे, मागे करत पहिल्या जागी आलो. ‘माझ्या फाइल्स ठेवा’. या वेळी बारीक अक्षरं पण वाचायला लावली. अडखळलो की थांबायचे, शब्द सांगायचे नाहीत. प्रोग्राम जातील, आपल्या फायली राहतील, असं निघालं. दाबलं.

फोन ठेवला नाही त्यांनी.

“किती झालं?”

“बारा टक्के.”

पुष्कळ वेळानं, “आता?”

“बाराच. एकदा बंद करून चालू करू?”

“हात मागं बांध! ओल्या रंगाला बोट लावायची तुझी सवय जायची नाही. तेवीस नंबरवर अजून अंगठा आहे तुझा.”

खरंय. सहा वर्षांचा असताना लावला होता. बाबांनी मारलं नाही, पुसला पण नाही. गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा म्हणायचे, पेंटरची सही आहे.

हात मांडीखाली घालून बसलो. दीड तास! मी! बाबा मधेच खोकायचे, तेवढ्यानं कळायचं, आहेत.

शंभर झाल्यावर लॅपटॉप आपोआप बंद झाला, चालू झाला. ठिपके. काळं. देव पाण्यात घालून बसलो. मग पडदा उजळला. फोल्डर उघडलं.

“आहेत?” बाबा.

“एकशे बारा,” मी म्हणालो.

“दमलास. ठेव आता.”

“बाबा, तुम्हाला कसं कळलं बिघडलाय ते?”

“छत्रीची पाटी पिवळी म्हणालास, तेव्हाच.”

फोन ठेवल्या ठेवल्या बारा नंबर बघितला. हिरवी! हिरवीगार!

१२ फेब्रुवारी, सोमवार

दुकानवालीकडं गेलो. छाती काढून सांगितलं, झालं. ती म्हणाली, “नीट वाचलंस म्हणजे!” मी म्हणालो, “म्हणजे काय.” तिनं चष्म्यावरून बघितलं. ही बाई पण रंग विचारेल असं वाटलं.

तिच्याकडूनच पेनड्राइव्ह घेतला. तिथंच उभं राहून सगळे फोटो उतरवले. आता दोन जागी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

कॅन्टीनच्या वायफायवर बसून ताईला सगळे पाठवले. एकशे बारा. वर्षभर ‘उद्या’ म्हणत होतो ते काम चहाच्या सुट्टीत झालं. लाज वाटली, पण जरा.

इंजिनिअर सगळ्यांना सांगत फिरतोय, आपण चापट्या मारून चालू केला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ताईनं बारा फोटो मोठे करून घेतले, समोरची भिंत भरली. म्हणाली, बाबा सकाळपासून भिंतीला नाक लावून उभे आहेत.

मी म्हणालो, “वास घेतायत का?”

ताई हसली नाही. हल्ली तिला झालंय काय?

म्हटलं, व्हिडिओ लाव, मला पण बघू दे. तर मागून बाबांचा आवाज, “नको, त्याचं थोबाड बघितलं की जेवण जात नाही.” आता कितीतरी महिने व्हिडिओ लावलेला नाही. माझं थोबाड इतकं बिघडलंय?

१८ फेब्रुवारी, रविवार

आजचा नंबर सदुसष्ट. ‘चाव्या बनवून मिळतील’. वाचली, रंग सांगितला. तर विचारतात, “सावली कुठल्या बाजूला आहे? ‘च’चं पोट भरलंय का रिकामं आहे?” अरे, त्या बारांत ही पण भिंतीवर लावलीय ना! जा आणि बघा! तसं म्हणालो पण.

“मला तुझ्याकडून ऐकायचंय,” म्हणाले.

म्हातारपणी हेडमास्तर व्हायची हौस! भरलंय म्हणालो.

२१ फेब्रुवारी, बुधवार

ताईनं सांगितलं. शेवटी. बाबांची नजर जातेय. आठ महिने झाले. डावा डोळा गेलाच, उजव्यात थोडंसं उरलंय, तेही या महिन्यापुरतं असं डॉक्टर म्हणाले. शिडीवर चढायचं सोडलं ते पाय थरथरतात म्हणून, असं मला सांगितलं होतं; ते खोटं. मला सांगायचं नाही अशी सगळ्यांना शपथ — “तो दोरावर लटकलेला असतो, त्याचं लक्ष हातात राहू दे.”

आणि मला वाटायचं, माझं वाचन तपासतात.

मुकादमाकडून रजा काढली. परवा निघतो. रविवारची वाट बघितली नाही, मीच फोन लावला.

“बाबा, तेवीस नंबर.”

बाबा म्हणाले, “वाच.”

वाचली. सावकाश. काना, मात्रा, रंग, सावली. कोपऱ्यातला अंगठा पण.