वडिलांचे मामा

१३ मे, मंगळवार

पंचवीसपैकी अकरा! मराठीत चोवीस आणि बुद्धिमत्ता चाचणीत अकरा. मराठीतला जो एक गेला तीही पुस्तकाच्या छपाईची चूक आहे, असं मला अजून वाटतं.

पायलने तपासलं. लाल पेनाने नाही, पेन्सिलीने — मला वाईट वाटू नये म्हणून. मग एक नवी वही काढून वर लिहिलं : चुकांची वही. "दादा, रोज सकाळी सहा ते आठ. चुकलेला प्रश्न यात उतरवायचा, खाली कारण लिहायचं. संध्याकाळी मी बघणार." माझी धाकटी बहीण! पण बोलते मुख्याध्यापिकेसारखी.

भरती शिपाई पदाची आहे. दहावी पास चालतं. अशी भरती नऊ वर्षांनी निघाली. पप्पा गेले तेव्हा मी नववीत शाळा सोडली. दहावी पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. पायल बी.कॉम. आहे, तीही याच परीक्षेला बसते आहे. तिला पुढे दुसऱ्याही परीक्षा आहेत. मला हीच.

२९ जून. सत्तेचाळीस दिवस.

१६ मे, शुक्रवार

"सर्व पेन पुस्तके आहेत. काही पुस्तके झाडे आहेत." — यावरून निष्कर्ष काढा!

पाऊण तास गेला. पायल म्हणाली, "खरं आहे का ते विचारायचंच नाही. त्यांनी सांगितलं ते मानायचं आणि पुढे जायचं."

मानलं. पण पेन पुस्तक कसं असेल?

२१ मे, बुधवार

आज दुकानात वाढदिवसाचा बॅनर होता. गिऱ्हाइकाने मोबाइलवर मजकूर पाठवलेला — "शुभेच्छूक". मी ऱ्हस्व केलं. गिऱ्हाईक भडकलं, म्हणे गेल्या वर्षी दीर्घ होतं, तेच पाहिजे. मी मालकांकडे बघितलं. हरेशशेठ खुर्चीतूनच म्हणाले, "अरे संघर्ष, लोक फोटो बघतान. ऱ्हस्व-दीर्घ कोन बघतंय? नाक बरोबर आलाय ना?"

नाक बरोबर होतं. दीर्घच छापलं. दिवसभर टोचत राहिलं.

एक शोध मात्र लागला. दहा बाय पाचचा बॅनर मशीनमधून बाहेर पडेपर्यंत चार अक्षरमालिका होतात. शेठ काही बोलत नाहीत. उलट एक प्रश्न त्यांनीच सोडवला — घड्याळाच्या काट्यांमधल्या कोनाचा! बरोबर आला. "सायबाची नोकरी मलाच लागंल बघ," म्हणाले.

२६ मे, सोमवार

पंचवीसपैकी पंधरा. बैठक व्यवस्था जमली! गोल टेबलाऐवजी आमच्या नळावरची रांग डोळ्यांसमोर आणली. कोण कुणाच्या पुढे, कोण मध्ये घुसलं — लगेच सुटतं.

१ जून, रविवार

नातेसंबंध.

पायलने तक्ता करून भिंतीला चिकटवला. वडीलांची बहीण — आत्या. वडीलांचे मामा — आजोबांसारखे. मी पेन्सिलीने तिन्ही-चारही 'डी' ऱ्हस्व केले. वडील, पण वडिलांची. वडिलांचे. हे मी तिला आठवीपासून सांगतो आहे. कॉलेज झालं तरी दीर्घच काढते.

"परीक्षेत हे कोण विचारतं?"

"मराठीच्या पंचवीस गुणांत विचारतात."

"मग तिथे तू मला हरव. इथे मी तुला हरवते."

आणि हरवलंच. प्रश्न होता : माझ्या वडिलांच्या मामांचा मुलगा माझा कोण? मी लिहिलं — मामा. पुस्तक म्हणतं — काका. मी पुन्हा वाचलं, पुन्हा मामाच आला. मग लक्षात आलं. मी आमचंच घर सोडवत होतो. आई म्हणजे पप्पांच्या मामांची मुलगी. गावाकडे मामाची मुलगी करतातच. आबा आधी पप्पांचे मामा, मग सासरे. त्यामुळे आबांचा मुलगा पप्पांचा मामेभाऊ, आणि आमचा सख्खा मामा.

वहीत आकृती काढली. रेघ बाहेर जाते आणि फिरून घरातच येते. आईला दाखवली. ती कणीक मळता मळता बघत राहिली आणि म्हणाली, "असं कागदावर काढलं की काहीतरी गुन्हा केल्यासारखं दिसतं रे."

पायल हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आपलं घर परीक्षेत आणू नकोस. पुस्तक काका म्हणतं, तर काका."

चुकांच्या वहीत कारण लिहिलं : आपलं घर.

८ जून, रविवार

भागीरथी आत्याचा फोन. पप्पांची बहीण, राहते परभणीकडे. आईने फोन स्पीकरवर ठेवला, कारण हात पिठाचे होते. आत्याचा आवाज खोलीभर.

"दुर्गे, पोरीला कामून थांबवून ठेवायलीस? माझा शिवा काय वाईट हाय का? माझ्या भावानं मामाची पोरगी केली, आता भावाची पोरगी माझ्या घरी नको का यायला?"

आई म्हणाली, "परीक्षा होऊ द्या की वन्सं."

शिवा वाईट नाही. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, व्यसन नाही. तो आला की पायल त्याच्याशी पत्ते खेळायची आणि भांडायची.

फोन ठेवल्यावर आई पायलला म्हणाली, "नोकरी लागली तर मी शब्द काढणार नाही. नाही लागली तर वन्संना काय सांगू ते तूच सांग."

पायल तव्यापाशी होती. "नाही म्हणायला नोकरी कशाला लागते? तोंड आहे ना मला."

म्हणाली खरं. पण तव्यावरची पोळी करपली, तरी तिला कळलं नाही. मी बघितलं.

आता दोघांनी पास व्हायचं. एकाने नाही. पक्कं.

१७ जून, मंगळवार

मी एकवीस. पायल तेवीस. एकवीस!!

तरी बोलणी बसली. मी चौथा पर्याय फार वापरतो म्हणे. "तुला सगळंच अनिश्चित वाटतं, दादा. 'निश्चित सांगता येणार नाही' ही लपायची जागा नाही. ते पण एक उत्तर आहे. खरंच सांगता येत नसेल तरच द्यायचं."

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

२८ जून, शनिवार

परीक्षा संगणकावर आहे. पेन्सिल लागणार नाही. तरी दोन टोक करून ठेवल्या.

२९ जून, रविवार

केंद्र महापेला होतं. दोघांची वेळ एकच, खोल्या वेगळ्या. पायलने दारात माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "दिलंय ते मानायचं."

बेचाळीसपर्यंत हात थांबला नाही. मग हा आला —

प्र. ४३. एका स्त्रीकडे बोट दाखवून रमेश म्हणाला, "हिचे वडील हे माझ्या वडिलांचे मामा आहेत." तर त्या स्त्रीचे रमेशशी नाते काय? (१) आत्या (२) आई (३) मावशी (४) निश्चित सांगता येणार नाही.

मला पुस्तकाचं उत्तर माहीत होतं. आत्या. मी (१) दाबलं. पुढे गेलो. परत आलो.

ती आत्या असेल. पण ती आईही असेल. आमच्या घरात आईच आहे! आणि रमेशने आईच्या बहिणीकडे, आमच्या सुमन मावशीकडे बोट दाखवलं असेल तर मावशी. तिन्ही उत्तरं आमच्या एका खोलीत बसून चहा पितात. तीनही पर्याय दिलेत आणि चौथाही दिलाय. मग खरंच सांगता येत नाही. ही लपायची जागा नाही. मी घाबरून देत नव्हतो.

चार मिनिटं गेली. (४) दाबलं.

बाहेर पायल उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी होती. पहिला प्रश्न — "त्रेचाळीसला काय टाकलंस?"

"चार."

तिने कपाळावर हात मारला. "सरळ आत्या होतं रे! घेऊन गेलासच शेवटी घर!"

१८ जुलै, शुक्रवार

पहिली उत्तरतालिका आली. लॉगिन केलं की आपलं उत्तर आणि त्यांचं उत्तर शेजारी शेजारी दिसतं. तीनदा मोजलं.

मी शंभरपैकी सत्त्याहत्तर. पायल अठ्ठ्याहत्तर.

प्र. ४३ — (१) आत्या.

अभ्यासिकेतली सगळी मुलं म्हणतात, यादी अठ्ठ्याहत्तरला थांबणार. अंदाज आहे. पण सगळ्यांचा तोच आहे. म्हणजे पायल आत, मी दारात.

हरकत घ्यायला २२ तारखेपर्यंत मुदत आहे. कारण लिहायचं, पुरावा जोडायचा. सूचनेत "हरकत नोंदविन्याची पद्धत" असं छापलंय. न नाही, ण!

१९ जुलै, शनिवार

हरकतीचा मजकूर तयार केला. चुकांच्या वहीत, कारण दुसरा कागद जवळ नव्हता. सहा वेळा खोडून हे वाक्य राहिलं :

"मामाच्या मुलीशी विवाहाची रीत महाराष्ट्रात आजही आहे, त्यामुळे वडिलांचे मामा हे आईचे वडीलही असू शकतात, आणि ती स्त्री आत्या, आई किंवा मावशी यांपैकी कोणीही असू शकते."

एकही चूक नाही. पुरावा म्हणून आई-पप्पांची लग्नपत्रिका चालेल. तिच्यावर आबांचं नाव दोनदा छापलंय — वधूचे पिता म्हणून, आणि खाली वराचे मामा म्हणून.

उद्या पाठवतो.

२० जुलै, रविवार

पाठवली नाही.

सकाळी सहाला बसलो आणि नेहमीसारखं सोडवलं. तीन शक्यता.

एक — हरकत फेटाळली. काहीच बदलत नाही.

दोन — प्रश्न रद्द केला. सगळ्यांना एक गुण. ज्यांचं (१) नव्हतं त्यांचा वाढतो, माझाही. मी पायलच्या बरोबरीला, पण बरोबरीत जास्त शिकलेला आधी घेतात. मी दारातच.

तीन — हरकत मानली. उत्तर (४) झालं. मी अठ्ठ्याहत्तर. ज्यांनी (४) दिलं त्यांचा एक वाढतो, ज्यांनी (१) दिलं त्यांचा एक कमी, रेघ तिथेच. पायल सत्त्याहत्तर.

म्हणजे मला आत जायला एकच वाट आहे, आणि ती पायलला बाहेर काढते. माहिती पुरेशी आहे. उत्तर निश्चित आहे.

ज्या मुलीने मला अकरावरून एकवीसवर आणलं! आणि नोकरी नाही लागली तर आत्या पुन्हा फोन करणार, आणि आईकडे उत्तर नसणार.

नाही पाठवणार. वही मिटली. पक्कं.

२१ जुलै, सोमवार

दुकानातून आलो तर पायल पत्र्याच्या पेटीत डोकं घालून बसलेली. "आई, तुझी लग्नपत्रिका कुठंय?"

आई लाजली. "आता काय करायचीय ती?"

"बघायचीय. कसं छापायचे तेव्हा."

मला चहा गेला नाही. मुलगी पत्रिका बघायला लागली म्हणजे मनाने तयार व्हायला लागली. तिला भीती वाटत असणार, यादी वर जाईल, आपलं नाव राहील. बरं झालं नाही पाठवली.

२२ जुलै, मंगळवार

आज शेवटचा दिवस.

पायलने विचारलं, "पाठवलीस हरकत?"

"पाठवतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मोठ्या बहिणीसारखं.

संध्याकाळी सहाला मुदत संपली. मी दुकानात दहा बाय वीसचा बॅनर छापत होतो. पाच अक्षरमालिका सोडवल्या, पुढच्या परीक्षेसाठी. पुढची कधी येईल माहीत नाही. पाचही बरोबर.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा आत्याचा फोन. या वेळी पायलने आईच्या हातातून घेतला. स्पीकर तसाच.

"आत्या, शिवादादाला राखी टाकलीय पोस्टात. नऊ तारखेच्या आधी मिळेल. हातात बांधलेला फोटो पाठव म्हणावं."

मग आत्या — "असं व्हय?"

"असं, आत्या. लहानपणापासून दादा म्हणते, आता काय दुसरं म्हणू?"

मग आत्या एकदम म्हणाली, "बापावर गेलीस. तोबी असाच, आधी करायचा अन् मंग सांगायचा. राखी चांगली घेतली का, का स्वस्तातली?"

आई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, सांगता येत नाही.

मी पायलला म्हटलं, "यादी लागेपर्यंत तरी थांबायचंस."

"यादीचा काय संबंध? नाही म्हणायला तोंड लागतं, हे मी आधीच सांगितलं होतं."

१४ ऑगस्ट, गुरुवार

अंतिम उत्तरतालिका आली.

प्र. ४३ — सुधारित उत्तर (४). प्राप्त हरकती : एक.

मी अठ्ठ्याहत्तर. पायल सत्त्याहत्तर.

शेऱ्याच्या रकान्यात हरकतदाराचं वाक्य जसंच्या तसं छापलंय. "मामाच्या मुलीशी विवाहाची रीत महाराष्ट्रात आजही आहे, त्यामुळे वडीलांचे मामा हे आईचे वडीलही असू शकतात..."

वाक्य माझं आहे. 'डी' दीर्घ आहे.