सईसाठी वृषालीची सही

८ जानेवारी, वरसे

वृषाली बरी आहे, बाळही. घरभर शेगडीचा आणि ओव्याच्या धुरीचा वास. सौ.चं फर्मान: सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि तिच्या कानावर वाईट काही घालायचं नाही. दूध आटतं म्हणे.

वाईट म्हणजे तिकडचं युद्ध. ते तिला माहीत आहेच, फोन हातात असतो. पण जावई नितीनराव तिला तिकडून सांगतात, "इकडे सगळं ठीक, सईची शाळा ऑनलाइन, तिकीट मिळालं की आम्ही दोघं येतो." आणि मला वेगळा फोन करून दुसरंच सांगतात.

आज नितीनराव बोलत असताना मागे भोंगा झाला. डोलवीच्या कारखान्याच्या गेटवर माल उतरवण्यात आयुष्य गेलं, शिफ्टचा भोंगा मी झोपेतही ओळखतो. हा तसला नव्हता. चढायचा, उतरायचा, परत चढायचा. त्यात सईचा आवाज: "पप्पा, जिन्याखाली जायचं ना?" घाबरून नाही, सवयीनं. सात वर्षांची नात माझी.

जेवण गेलं नाही. सौ.ला पित्ताचं सांगितलं.

१० जाने.

विमानतळ बंद. नितीनराव पाण्याच्या प्रकल्पावर, त्यांची सुट्टी रद्द, युद्ध संपेपर्यंत सुटका नाही. सईला निघता येतं. बसनं शेजारच्या देशात, तिथून मुंबईचं विमान.

पण नियम. एकट्या मुलाला एरवी विमान कंपनी सांभाळून आणते, ते लढाई सुरू झाल्यापासून बंद केलंय. सोबत मोठं माणूस पाहिजेच. ते आई किंवा बाप नसेल तर दोघांचं संमतीपत्र: मूल कोणाच्या ताब्यात, कुठून कुठे, इथे कोण उतरवून घेणार. बापाची सही तिथे, आईची इथे नोटरीसमोर. एकाची असून चालत नाही. पोरं पळवतात म्हणे अशा गोंधळात. नियम चुकीचा नाही. अडचणीचा आहे एवढंच.

संध्याकाळी अष्टमी गावात हसनभाईंकडे. माझा पहिला टेम्पो त्यांच्या शब्दावर आला होता. त्यांची सून शबाना तिकडे नितीनरावांच्याच गल्लीत राहते, दोन मुलगे घेऊन पहिल्या बसनं निघतेय. मी दारात घुटमळत होतो.

"तोंड पाडून काय उभा ऱ्हायलास? पोरगी आमचीबी हाय."

"शबानाला आधी विचारायला हवं, हसनभाई."

"तिनंच सकाळी फोन केलान. मी दुपारपासून तुझी वाट बघतोय. वाटला, शाणा झाला, आता मागायलाबी लाजतो."

११ जाने.

पेणला व्याह्यांकडे, लग्नाचा दाखला आणायला. कपाटाची किल्ली व्याह्यांनी दोनदा उलटी घातली. विहीणबाईंनी किल्ली काढून घेतली, स्वतः उघडलं.

"वृषालीला सांगितलंत, की सई परक्या बाईबरोबर येणार?"

"नाही. सई घरात आली की सांगू."

"बरं केलंत."

मग बारशाचं निघालं. नितीनरावांना बहीण नाही, त्यामुळे आत्याचा मान सईला. तिनं नाव ठरवून ठेवलंय, कोणाला सांगत नाही. थेट बाळाच्या कानात. विहीणबाई म्हणाल्या, "ती येईपर्यंत बाळाला नुसतं बाळ म्हणा." मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

१२ जाने.

काम फत्ते. कोरा स्टँपपेपर वृषालीपुढे धरला. बाळाच्या दाखल्याला लागतो म्हटलं. बाळ मांडीवर होतं, तिनं बघितलंही नाही, केली सही. मजकूर नंतर टाईप करून घेतला.

रोह्याला कोर्टाच्या आवारात नोटरी वकील ओळखीचे.

"बाई कुठायत?"

"बाळंतीण हाय. उठवायची कशाला."

मारला शिक्का. ठप्प. मला हा आवाज आवडतो. तहसील, आरटीओ, कोर्ट, सगळीकडे बाहेरच्या बाकावर बसून आयुष्यभर त्याचीच वाट बघितली. अर्धा तालुका असाच चालतो, कोणाचं काही अडलं नाही. फोटो काढून नितीनरावांना धाडला. परवा बस.

येताना स्वतःवर खूश होतो, हे लिहून ठेवतो.

१४ जाने., संक्रांत

तिकडे बस सुटायच्या जागी आपल्या वकिलातीचं टेबल. एकट्या मुलांचे कागद बघणारा तिथला माणूस आईला फोन करतो, हे कोणी बोललं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

वृषालीचा फोन वाजला. मी तिळाच्या वड्यांची ताटली घेऊन दारात.

"मॅडम, बेटी को किसके साथ भेज रही हैं आप?"

"उसके पापा के साथ."

"ये कागज पे साइन आपका है?"

"कौन सा कागज?"

पलीकडच्या माणसानं कागद उलटला. मग फार सभ्यपणे म्हणाला, "माफ कीजिए. माँ को पता नहीं तो ये सहमति नहीं है." मी दोन पावलांवर. ऐकू सगळं आलं, करता काहीच आलं नाही.

बस गेली, सई राहिली. आणि शबाना दोन्ही मुलांना घेऊन बसमधून उतरली. कोणी सांगितलं नव्हतं. "पोरीला सोडून कशी जाऊ," एवढंच नितीनरावांना म्हणाली.

वृषाली रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मला दूध येतंय का नाय, ते बघायला घरात दहा माणसं. सईचं काय चाललंय ते सांगायला एक नाय."

"अगो, तुझ्या तब्येतीसाठीच..."

"बसा. पहिल्यापासून सांगा."

सांगितलं. भोंग्याचं पण. जिन्याखालचं पण. सौ. दारात उभी राहून डोळ्यांनी नको नको करत होती. शेवटी वृषाली म्हणाली, "यापुढे तुमच्या कानावर येईल ते माझ्या कानावर. अर्धं नाय." बरं म्हटलं.

मग अष्टमीला. हसनभाईंच्या घरात कोणी माझ्याकडे बघेना, चहा मात्र आला. हसनभाई म्हणाले, "उतरली तर उतरली. ती माझी सून हाय, मी असतो तर मीबी उतरलो असतो. आता कागद सरळ कर. तुझी हुशारी घरी ठेव."

१५ जाने.

सकाळी सौ. उंबऱ्यात आडवी. "सव्वा महिना नाय झाला. वारा लागला म्हंजी जन्माचं दुखणं."

"आई, तू माझे कान बांध, तोवर मी चपला घालते."

सौ.नी कापूस घातला, वरून मफलर बांधला. गाठ दोनदा सोडून परत बांधली. शेवटी स्वतःच गाडीत बसली, बाळाला घेऊन.

नोटरी वकील उठून उभे राहिले. "ताई, सही झालीय की तुमची."

"ती बाबांची सही होती. हात माझा होता."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

नवा कागद तिनं मोठ्यानं वाचला. शबानाचं पूर्ण नाव, पासपोर्टचा नंबर, गाडीचा मार्ग, सगळं. मग पेन मागितलं, खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: वाटेत अडचण आली तर डॉक्टर, मुक्काम, पुढे जायचं का मागे फिरायचं, हे शबाना ठरवेल, तिचा निर्णय तो माझा निर्णय. हे मला सुचलं नव्हतं. मी फक्त पोचायचा कागद केला होता, अडकायचा नाही.

"आपल्या पोरीचं सगळं दुसरीच्या हातात देताय," वकील म्हणाले.

"ती बसमधून उतरली, साहेब."

सही. शिक्का. ठप्प. आज आवडला नाही, नुसता ऐकला.

१७ जाने.

बस नाही. उद्या बघू म्हणतात. नितीनरावांच्या बिल्डिंगच्या काचा गेल्या, माणसं सगळी बरी. वृषालीला जसंच्या तसं सांगितलं. "कुठल्या बाजूच्या?" म्हणाली. सई झोपते त्या बाजूच्या. तेही सांगितलं.

वकिलातीच्या माणसाचा फोन येऊन गेला. या वेळी तिनं धडाधड उत्तरं दिली. तो म्हणाला, "अब ठीक है, बहनजी."

संध्याकाळी हसनभाई पोपटी घेऊन आले, मडकं गरम. सौ. म्हणाली, "बाळंतिणीला वालाच्या शेंगा नाय चालत, हसनभाई."

"बाळंतिणीला कोण देतंय गो? ह्या ढोंग्यासाठी आणलीय. चार दिवसात गळ्याची हाडं वर आली."

चार शेंगा खाल्ल्या, त्यांच्या समाधानासाठी. त्यांचेही नातू तिकडेच, काचांच्या त्याच गल्लीत. जाताना जिन्यावर बराच वेळ थांबले, ते मला पावलांवरून कळलं.

१९ जाने.

बस सुटली. सई फोनवर:

"आजोबा, माझा पासपोर्ट शबानाआंटीकडे आहे. मी फक्त पाण्याची बाटली धरायची."

"पप्पा कुठे?"

"खाली उभे आहेत. हात हलवतायत. तुम्ही बोलू नका, मला पण हलवायचाय."

वृषालीनं फोन घेतला. "नाव तरी सांग गो."

"फोनवर नाही सांगणार."

२० जाने.

दुपारी सीमेवर पोचले. रांग. शबानाचा फोन, मुद्दाम चालू ठेवलेला, आईला काही विचारलं तर. आम्ही तिघं पलंगावर फोनभोवती.

शबाना हळू आवाजात: "चार पासपोर्ट दिलेत. सईच्यावर शिक्का शेवटी मारणार, तिचा कागद वाचायचाय त्यांना."

अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, मुलगी कोणाबरोबर आहे. वृषालीनं नाव सांगितलं, पूर्ण, न अडखळता. पुढे त्यानं विचारलं, आणि ही बाई वाटेत निर्णय घेऊ शकते? "यस. माय डिसिजन." मग कागदांची सळसळ. कोणाचं तरी पोर खोकलं. सई "आंटी, बाटली..." म्हणाली.

ठप्प.

ठप्प.

थोडं थांबून, ठप्प.

आणि लाईन गेली.

परत लावला, लागत नाही. नितीनरावांनाही लागत नाही म्हणे. हसनभाईंकडेही नाही.

वृषाली माझ्याकडे वळली. "बाबा, मला बाळाच्या आवाजात कळलं नाय. कितीदा वाजला?"

सौ. तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघत होती. काय बघत होती ते कळत होतं. चार म्हणायला काय लागतं.

"तीन," म्हटलं.

तिनं मान हलवली. रागावली नाही, घाबरली तेही दाखवलं नाही. बाळ कुरकुरायला लागलं तसं मांडीवर घेतलं, दुसऱ्या हातानं परत फोन लावला.

आता हे लिहितोय तेव्हा ती तशीच बसलीय, फोन कानाशी. बाळ पितंय. गिळताना त्याच्या घशाचा आवाज येतोय, इथवर. दूध आहे.