बिशप ऑस्बर्टच्या चौदा वह्या आणि भुईगावचं घर

मी, ग्रेगरी पास्कोल तुस्कानो, वय एकाहत्तर, मूळचा भुईगाव, वसई येथील, सध्या मुलगी फियोना हिच्या व्हिसावर खलिफा सिटी, अबुधाबी येथे राहणारा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही; घरात तेवढा वेळ आहे कोणाला! इथल्या बँकेतल्या पैशांचं मृत्युपत्र इंग्रजीत वेगळं नोंदवलं आहे. हे फक्त गावच्या घराचं आणि माझ्या वह्यांचं.

१. भुईगावचं घर व मागची वाडी फियोना आणि डॅनियल या माझ्या दोन्ही मुलांना समसमान. चावी माझा भाऊ केनेथ याच्याकडेच राहावी. "तुझा गोरा बिशप मराठीत कोण कुत्रं वाचणार?" असं तो मम्मीच्या मयतीत चारचौघांत बोलला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण घर झाडायला दुसरं आहे कोण?

२. चौदा वह्या, मराठीत: मी लिहिलेलं बिशप ऑस्बर्ट यांचं चरित्र. इकडच्या खोर फक्कान बंदरात मी नोकरीला होतो, त्या शिपिंग ऑफिसातला आमचा इंग्रज साहेब नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याने टाकलेल्या खोक्यात मला त्यांच्यावरचं जाडजूड पुस्तक मिळालं. आठशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडातला माणूस. कातडी कमावणाऱ्याचा मुलगा, पण अक्षर सुंदर, म्हणून राजाच्या कचेरीत कारकून लागला. राजाने खूश होऊन बिशप केलं आणि लगेच कागदपत्रं देऊन परदेशी धाडलं. एकोणीस वर्षांत स्वतःच्या धर्मप्रांतात दोनदा गेले, बस्स. हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. माझी दिवंगत पत्नी अ‍ॅग्नेस तेव्हा गावीच होती, आणि मी दोन वर्षांतून एकदा जात होतो.

३. आता माझा गुन्हा. पुढे अ‍ॅग्नेस मुलांना घेऊन इकडे आली, शाळेतून दुसऱ्या भाषेचा फॉर्म आला: हिंदी की फ्रेंच? फ्रेंचला मार्क जास्त पडतात, ऑफिसातले सगळे तीच घ्यायचे. अ‍ॅग्नेस म्हणाली, "हिंदीच घेऊ या, निदान अक्षरं तरी आपली राहतील." मी "खलास" म्हणून फ्रेंचवर सही ठोकली. आज दोघांना माझ्या वह्यांतलं एक अक्षर लागत नाही.

गेल्या ईस्टरला म्हटलं, इंग्रजीतून सांगू. तोंड उघडलं तर चौतीस वर्षांची शिपिंगची इंग्रजी बाहेर पडली: "अ‍ॅज पर रेकॉर्ड, द बिशप वॉज ट्रान्सफर्ड." डॅनियल हसला. "नाइस, डॅड," म्हणाला आणि फोन घेऊन उठला. फार लागलं मला. रागावणार तरी कोणावर? सही माझीच.

४. शेजारची अपर्णा हिने हा कागद मुलांना इंग्रजीतून वाचून दाखवावा. अपर्णा, पुढचं सावकाश वाच. राजा वारला. सत्तरीतले ऑस्बर्ट कायमचे परतले. पावसात भिजत स्वतःच्याच कॅथेड्रलच्या दाराशी आले. दारवान नवा होता. त्याने दार अर्धवट उघडून विचारलं, "आपण कोण? काय काम आहे?"

इथे थांब. पुढचं चौदाव्या वहीत आहे.

५. दोघांपैकी जो कोणी "मग काय झालं?" असं विचारेल, त्याला चौदाही वह्या द्याव्या. कोणीच विचारलं नाही, तर रद्दीत घालाव्या. माझी हरकत नाही.

अपर्णा, एवढं मात्र मोठ्याने वाचू नकोस. लगेच उठू नकोस गं. चहा मागून घे. फियोनाला प्रश्न जरा उशिरा सुचतात.

सही: ग्रेगरी पास्कोल तुस्कानो

वरील सही आमच्यादेखत झाली:
१. वासुदेव नागावकर
२. अपर्णा वासुदेव नागावकर

खलिफा सिटी, अबुधाबी
९ नोव्हेंबर २०२४