पायाळूचा पाय आणि तापलेला पट्टा

आये, आज आमच्या कारखान्यात पट्टा चालू असताना बायका उठून उभ्या राहिल्या. तुला यातलं काही कळणार नाही, पट्टा म्हणजे काय तेसुद्धा समजावून सांगावं लागेल. पण दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी मला हे तुलाच सांगायचंय, कारण याची सुरुवात तू केलीस. कंपनीच्या गाडीतून उतरल्यापासून मला धीर निघत नाहीये. हातपाय धुतलेले नाहीत, चहा समोर निवतोय, आणि मी पोरीकडून एक कोरा कागद मागून घेऊन लिहायला बसलेय.

आवणीचे दिवस आठव. दिवसभर चिखलात उभं राहून तुम्ही बायका कमरेत वाकून भाताची रोपं खोचायच्या, आणि संध्याकाळी घरी यायच्या त्याही वाकलेल्याच. घरी आलं म्हणून काय टेकायला मिळत होतं थोडंच. दिवेलागणीला बाई आडवी झाली तर लक्ष्मी दारातून मागे फिरते, हे आजीचं, म्हणजे तुझ्या सासूचं, ठरलेलं वाक्य. मग तू कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "उसण भरली गो." पाठीत अशी चमक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि आपल्या पाड्यावर तशी मी एकटीच होते. निदान तू तसं सगळ्यांना सांगितलं होतंस.

तू ओटीवर गोणपाट टाकून पालथी पडतेस. मी ओटीच्या मेढीला, त्या लाकडी खांबाला, धरून तुझ्या पाठीवर चढते, आधी एक पाय, मग दुसरा. ओल्या लुगड्याला चिखलाचा वास येतोय. तू एक लांब श्वास सोडतेस. तेवढ्यात शेजारची येते, तिच्या मागून आणखी एक. सगळ्यांच्याच पाठीत उसण. एकेक जण गोणपाटावर पडून घेते, बाकीच्या भिंतीला टेकून पाय पसरून आपला नंबर येण्याची वाट बघतात, आणि गप्पा रंगतात. औषधच चाललंय म्हटल्यावर लक्ष्मीचीही हरकत नसावी. एकदा मला खेळायला जायची घाई झाली होती, म्हणून मी टुणकन खाली उडी मारली. तर चुलीपासून आजी ओरडली, "उतरू नको गो येवढ्यात. घायघायीत उसण अर्धी ऱ्हाते." मला तिचा असा राग आला म्हणून सांगू. म्हातारी मला फुकट राबवते, असं मी तुझ्याकडे रडगाणं गायले होते आणि तू पदराआड हसली होतीस.

पायाळू असण्याचा मला मोठा तोरा होता, पण भीतीही तेवढीच होती. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. ढग गडगडले की मी कणगीमागे जाऊन बसायची आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी बाहेर यायची नाही.

आता कारखान्याचं ऐक. मी मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगची सुपरवायझर आहे. एक लांबलचक रबरी पट्टा सरकत राहतो, त्याच्यावरून प्लास्टिकचे डबे येतात, आणि दोन्ही बाजूंच्या बायका त्यांना झाकणं लावून खोक्यांत भरतात. पूर्वी खोकी जमिनीवर असायची. आमच्या बायका गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकायच्या, अगदी आवणीला वाकतात तशा. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते, दुसरं वाकणं त्यांना माहीतच नाही. पाठ, मान, खांदा, मनगट, कुणाचं काय आणि कुणाचं काय. मग कल्याणहून फिजिओथेरपीच्या एक मॅडम आल्या. त्यांनी खोकी टेबलावर आणवली, टेबलाची उंची कोपराला बेतली, जड खोकं दोघींनी मिळून उचलायचं ठरवून दिलं. त्याने फरक पडला, नाही असं नाही. पण त्यांचं शेवटचं सांगणं होतं की अधूनमधून काम थांबवून उठायचं, हात वर घ्यायचे, खांदे फिरवायचे, चार पावलं चालायचं. ते काही केल्या कुणी करेना.

सगळ्यात जास्त गरज काकीला होती. ही शेणवे गावची, आमच्यात सगळ्यात जुनी, म्हणून सगळ्यांची काकी. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, वेणी सुनेकडून घालून घ्यायची. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, मध्ये मध्ये हाताला विसावा दे, नाहीतर हे काम सोड. मी तिला म्हटलं, काकी, ऊठ की जरा. तर म्हणाली, "पह्यली मी उठू? लोक म्हनतील, म्हातारीला आता होत नाय." तरण्या पोरींचंही तेच. काम चालू असताना हात थांबवणारी बाई म्हणजे कामचुकार, हे बाळकडू सगळ्यांनीच प्यायलेलं. साहेबांनी ही विसाव्याची सोय महिनाभर करून बघायला परवानगी दिली होती. बायकांनाच नको असेल तर बंद करू, असं स्पष्ट म्हणाले होते. आठवडा सरला तरी एकही जण जागची हलली नव्हती. सोय गेली असती, आणि तिच्यामागोमाग काकीची नोकरीही.

अशात सापगावला हळदीला मावशी भेटली. मी पायाळूपणाचा विषय काढला, तर ती खो खो हसत सुटली. "पायाळू कसली गो तू! सरळ डोक्यानं आलीस. मी व्हते ना तिथं." आये, आधी आठवलं ते कणगीमागे घाबरून काढलेलं बालपण, सगळं फुकट गेलेलं. मग तुझा तो लांब श्वास आठवला, आणि हळदीच्या गर्दीत मला रडूही आलं आणि हसूही. बाईला निजायला परवानगी नव्हती, औषध घ्यायला होती. म्हणून तू निजण्याचंच औषध केलंस.

दुसऱ्या दिवशी मी पट्ट्याची देखभाल करणाऱ्या फिटरदादाला गाठलं. आमचं दोघांचं साटंलोटं झालं. त्याने पट्टा थांबवला आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की पट्टा तापतोय, तो गार होईपर्यंत कुणी बसून राहायचं नाही, उठून बाजूला व्हायचं. काय सांगू तुला, स्वतःच्या पाठीसाठी जागच्या न हलणाऱ्या बायका पट्ट्यासाठी लगोलग उठल्या. "बिचारा सकालधरनं पलतोय," असं एक जण कळवळून म्हणालीसुद्धा. उभ्याच आहात तर हात वर करा, म्हटलं. केले. त्या दिवसापासून पट्टा रोज तापू लागला, सकाळीही आणि दुपारीही. हळूहळू काकीचा हात कानापर्यंत जायला लागला, आणि परवा ती स्वतःच्या हाताने वेणी घालून आली. जरा वाकडी होती, पण ती सगळ्यांना पाठ वळवून दाखवत होती.

आज महिना संपला. साहेब बघायला आले, आणि नेमका आजच फिटरदादा रजेवर. त्यात मोठी ऑर्डर. वेळ झाली, पट्टा आपला चालूच. साहेब घड्याळ बघतायत, बायका खाली मान घालून झाकणं लावतायत. आणि काकी उठली. पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पट्टा तापला." तिच्या शेजारची उठली, मग समोरची, मग सगळी रांगच. डबे पुढे जाऊन टोकाला खाली पडायला लागले. साहेबांनी पट्ट्याला हात लावून बघितला.

"गार आहे की हा."

"पट्टा गार हाय सायेब," काकी म्हणाली, "आमच्या पाठी तापल्यात."

साहेब हसले आणि पुढे जाऊन स्वतःच बटण दाबून पट्टा थांबवला. जाताना मला म्हणाले, हे असंच चालू ठेवा, उद्यापासून घंटा लावू. आये, मला नाचावंसं वाटत होतं.

गाडीत काकीशेजारी बसले आणि विचारलं, तुला कधी कळलं?

"पह्यल्याच दिशी. येवढी वर्सं त्याच्यावर हात हाय माझा. कधी तापला नाय तो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर उठले कशी असते?"

तिथूनच मावशीला फोन लावला. म्हटलं, आपल्या पाड्यावरच्या बायकांना माहीत होतं का गं, मी पायाळू नाही ते? मावशी म्हणाली, "न म्हाईत असायला काय? सुईन सगल्यांची येकच." आणि आजीला? "तिला इचारतेस? तुझ्या टायमाला दिवा धरून तीच तर उभी व्हती."

म्हणजे आजीने सगळं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी चुलीपासून ती मला ओरडत राहिली, उतरू नको गो येवढ्यात. स्वतः ती कधी गोणपाटावर पडली नाही. तिला कुणी म्हटलंही नसेल. तू कधी म्हटलं होतंस का? मी तरी नव्हतं, आणि आज त्याचं फार वाईट वाटतंय.

तू गेलीस तिथलं पत्र टाकायला कुठे पेटी नाही, तेव्हा ते तांदळाच्या डब्याखाली राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. तुझी नात शहापूरच्या दवाखान्यात पोट कापून झाली, ना डोक्याने आली ना पायाने. तिला मी सांगितलंय की ती पायाळू आहे. आताच चटई अंथरून ती मला हाक मारतेय, आणि हल्ली मला संशय येतो, की तिलाही माहीत असावं.