हिरामावशीच्या होरीचं इंजिन

सोम. ४ नोव्हेंबर १९६३
रुजू झाले! उरण बाजारात, कापडवाल्याच्या माडीवर एक खोली. दोन टेबलं, एक टाइपरायटर, देसाई साहेब आणि मी. पाटीचा रंग अजून ओला, माझ्या पदराला लागला. आये ओरडली, मला काही वाटलं नाही.
साहेबांनी समजावून सांगितलं. होड्यांची इंजिनं बनवते ती मोठी कंपनी. आमची फायनान्स कंपनी तिचंच लेकरू. मोठीनं बनवायचं, आम्ही ते हप्त्यावर कोळ्यांच्या होड्यांत बसवायचं. म्हणाले, "सुमनबाई, तुम्ही इथल्या. लोक तुमच्याशी बोलतील." बघू. आमच्या आळीत टायपिंग शिकलेली मी एकटीच, म्हणून मला वाटतं तेवढी मी शहाणी आहे की काय, तेही कळेल.

मंगळ. १२ नोव्हें.
आठवडा झाला, एक अर्ज नाही. खाली ओट्यावर नमुन्याचं इंजिन ठेवलंय, हिरवं, चकचकीत. बाप्ये येतात, टिचकी मारतात, विडी ओढतात, जातात.
आज मात्र हिरामावशी आली! आमच्याच आळीतली, एका मुलीची आई. नवरा दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला, होरी, म्हणजे त्यांची होडी, तिच्या नावावर झाली. होरी चालवतो तिचा धाकटा दीर, रामा. तो तांडेल, ही मालकीण. मासळीची रिकामी पाटी खाली ठेवून तिनं इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या.
"सुमे, वारा परला तरी जल का गो ही?"
म्हटलं, जाईल.
"मंजे भाऊच्या धक्क्याला सगल्यांच्या आदी आमची मासली?"
म्हटलं, हो.
"मंग लिव माजा नाव."
पहिला अर्ज!

बुध. १३ नोव्हें.
अर्ज टाइप केला. छापील मजकूर सगळा पुल्लिंगी. "अर्जदार स्वतः नौका चालवतो काय?" साहेब म्हणाले, खरं तेच लिहा. लिहिलं : नाही, अर्जदाराचा दीर चालवतो. मावशीनं अंगठा नाही दिला. सही केली, एकेक अक्षर कोरत. हे कधी शिकली? विचारलं तर नुसती हसली.

सोम. २५ नोव्हें.
हेड ऑफिसचं पत्र. अर्ज नामंजूर. जो समुद्रावर जातो त्याच्याच नावानं अर्ज हवा. म्हणजे रामाच्या. आणि इंजिन त्याच्या नावावर तर होरीही त्याच्या नावावर करून द्यायला हवी.
संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर गेले. रामा जाळं शिवत बसलेला. पत्र वाचून दाखवलं. तो वर न बघता म्हणाला, "वयनी, बरोबर हाय त्यांचा. मी करतंय सही. होरी काय मी पलवून नेनार हाय?"
मावशी म्हणाली, "नाय नेनार. पन माजे पोरीला उद्या कोन देल? तुजी पोरा?"
रामा जाळ्याच्या गाठी मारत राहिला. तो वाईट माणूस नाही. पण ‘देतील’ असंही म्हणाला नाही.

मंगळ. २६ नोव्हें.
दे. सा. (पूर्ण नाव लिहायचा कंटाळा) आज चिडले होते, पण माझ्यावर नाही. म्हणाले, "या बाईबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते सगळं लिहून काढा." दोन पानं लिहिली. पावसाळा सोडला तर दोन वर्षांत होरी एक दिवस बंद नाही, खलाशांचा वाटा कधी चुकला नाही, सगळं. त्यांनी वाचलं, एक ओळ खोडली ("ती फार शूर आहे" ही), आणि म्हणाले, "परवा मुंबईला फोर्टात, हेड ऑफिसात जायचं. तुम्हीही चला."
मी!!

गुरु. २८ नोव्हें.
कुठून सुरुवात करू. मोरा बंदरातून सकाळची लाँच. चढतो तर मावशी आधीच बसलेली, ठेवणीतलं लुगडं, सगळे दागिने. कोणी बोलावलं नव्हतं. दे. सा. म्हणाले, "असू द्या. बरंच झालं."
हेड ऑफिस, चौथा मजला, लिफ्ट. मावशीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलाय. मोठे साहेब सभ्य. माझी दोन पानं वाचली, मग सरळ तिला विचारलं, "बाई, तुम्ही समुद्रावर जात नाही. आम्ही कोणाच्या भरवशावर इंजिन द्यायचं?"
मावशी म्हणाली, "सायेब, बाप्याला दिलाव आन् तो मेला, तर इंजिन कारून नेनार?"
"नाही. त्याच्या बायकोनं पुढचे हप्ते द्यायचे, तसा नियम आहे."
"मंग ती बायको मीच. आदी आलंय, इतकाच."
दे. सा. खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मोठे साहेबही शेवटी हसले. मंजूर! मात्र एक अट : चांगल्या तांडेलानं वर्षभर होरी चालवण्याचं लेखी द्यायचं, त्याशिवाय इंजिनाचा ताबा नाही.
परतताना लाँचवर मावशीनं चणे घेतले, दे. सां.ना बळेच दिले. मी पूर्ण वेळ उभीच होते. बसवेना.

सोम. ९ डिसें.
रामा सही करत नाही. म्हणतो, "भावाच्या होरीवर मी नोकर?" मावशीनं करंजा गावच्या दोन तांडेलांना विचारलं. दोघंही रामाचे मित्र, दोघांनी नाही म्हणून मान हलवली. तरी दे. सां.नी स्वतःच्या जबाबदारीवर इंजिन मागवलं. ५ जानेवारीपर्यंत सही नाही आली तर इंजिन परत. त्यांना हे. ऑ.कडून बोलणी खावी लागतील. म्हणाले, "खाऊ."

शुक्र. २० डिसें.
इंजिन आलं! ट्रकमधून, ठाण्याच्या रस्त्यानं. सगळी आळी बंदरावर. ओहोटीला होरी चिखलात कलती केली, वासे लावले, बारा माणसांनी "हैसा" करत आत उतरवलं. कारखान्याचा मिस्त्री पंजाबी, त्याला आमची बोली कळेना, आम्हाला त्याची, तरी काम झालं.
मग मागच्या बाजूला पंख्याच्या दांड्यासाठी भोक पाडायचं. सुतारानं गिरमिट लावलं तशी मावशी पाठ करून उभी राहिली. नवऱ्यानं स्वतः उभी करून घेतलेली होरी. लाकडाचा भुसा चिखलावर पडत होता. रामा लांब, दुसऱ्या होडीवर बसून बघत होता. भोक आरपार गेलं तेव्हा तोही उठून चालता झाला.

गुरु. २ जानेवारी १९६४
पहिल्यांदा चालू केलं, जागच्या जागी. सगळ्या बंदरावर तो आवाज! कावळे उडाले, पोरं नाचली, मीही ओरडले, दे. सां.समोर.
रामा आला. कडेला उभा राहून मिस्त्रीला विचारलं, "तेल किती खातंय?" उत्तर ऐकलं, गेला. मावशी म्हणाली, "इचारलान तरी." सही नाही. तीन दिवस उरले.

रवि. ५ जानेवारी
हे मोऱ्याच्या धक्क्यावर बसून लिहितेय, हात ओले, अक्षर वेडंवाकडं.
आज चाचणी. होरीवर मिस्त्री, दोन खलाशी, मावशी आणि मी. बायका होरीवर चढल्या म्हणून म्हातारे कुरकुरले, मावशीनं लक्षच दिलं नाही. माझ्या पिशवीत कागद आणि दे. सां.चं पेन. सुकाणूवर मिस्त्रीच बसायला निघाला. तेवढ्यात रामा गुडघाभर पाण्यातून आला, काही न बोलता वर चढला आणि त्याला हातानं बाजूला सारलं. "याला इथले खरक काय म्हाईत? फोडल होरी."
निघालो. वारा नव्हता. शिडाच्या होड्या जागच्या जागी, आणि आम्ही त्यांच्या मधून, धडधड, धडधड. पायाखालच्या फळ्या कापत होत्या. लोक उभे राहून बघत होते. मावशी पुढे, होरीच्या टोकाला नाळेवर, डोक्यावरचा पदर उडालेला, तो सावरायचंही भान नाही. मी रामाजवळ गेले, कागद काढला. आवाजात ओरडून सांगावं लागलं, "रामाकाका, आज शेवटचा दिवस."
त्यानं कागदाकडे बघितलं, मावशीच्या पाठीकडे बघितलं. म्हणाला, "तिला सांग, मी इचारतंय, यो नोकराचा कागूद हाय का तांडेलाचा?"
मी पुढे जाऊन तसंच्या तसं सांगितलं. मावशी वळली नाही. म्हणाली, "त्याला सांग, तांडेलाला इचारल्याबिगर माजी होरी कदी कुठं गेलीय?"
परत येऊन सांगितलं. त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. कागद-पेन घेतलं, पेन कानावर अडकवलं आणि सुकाणू जोरात वळवलं. "आदी त्या खरकाच्या भायेर काढू हिला. मंग बगू."
मला धक्क्यावर उतरवून ते परत बाहेर गेलेत, मावशीसकट. कागद त्याच्याकडे, सही व्हायचीय अजून. पेनही. दे. सा. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतायत. मी नाही बघत. इंजिनाचा आवाज इथवर येतोय, लांबून, न थांबता.