तीस प्लगिनांचा बाप

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (डावा खांदा आखडला आहे, तेव्हा सातच अंगं पोचली असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींनी गोड खरंच सोडलं, की नुसतं सोडल्याचं सांगतात? इकडे सगळे मजेत, मी सोडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथेच मुक्कामाला आहे.

तुला माहीतच आहे, मी सहा वर्षं प्रोग्रामरांना प्लगिन लिहायला शिकवतो. (दाजी दर वेळी विचारतात म्हणून पुन्हा सांगतो: कंपन्यांचे क्लाउडवरचे सर्व्हर सांभाळणारं एक मोठं सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि सर्वांना खुलं. त्याला हवा तो जादा कप्पा कोणीही जोडू शकतो. तो कप्पा म्हणजे प्लगिन. नाही, त्यात कपडे ठेवता येत नाहीत.) गेल्या महिन्यात एका कंपनीत चार दिवसांचा वर्ग घेतला. तिसरा मजला, न उघडणाऱ्या खिडक्या, बंद पडलेला एसी आणि एकतीस विद्यार्थी. मी नमुन्याचं एक प्लगिन दिलं, विनाकारण चालू राहिलेले सर्व्हर शोधून बंद करणारं. म्हटलं, हे वाचा, समजून घ्या, मग स्वतःचं लिहा. सगळ्यात वर सांभाळणाऱ्याचं नाव असतं, तिथे माझं आहे, ते काढून आपलं घाला. हे फळ्यावर लाल पेनने लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. फळा पुसणाऱ्या मावशींनासुद्धा पाठ झालं असेल.

ताई, तीस जणांनी नमुना जसाच्या तसा उचलला आणि माझ्या नावासकट जगजाहीर यादीत टाकला. (एकाने माझ्या नावापुढे ‘सर’ लावलं, तेवढाच आदर.) आता कुठेही कुणाचा चांगला चालता सर्व्हर बंद पडला की पत्र मला. एका गृहस्थाने आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात तूही आलीस. त्यावर कडी म्हणजे सॉफ्टवेअरच्या तपासनिसांचं पत्र. या तिसांमध्ये मधोमध त्याच चौदा ओळी आहेत, त्या काय करतात, शुक्रवारपर्यंत कळवा. नाहीतर तीसही काढू आणि तुमची शिकवण्याची मान्यता रद्द करू. उत्तर देणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, पण मी का द्यावं? चार दिवस घसा फोडला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वाचायचं नाही, समजून घ्यायचं नाही, दुसऱ्याचं उचलायचं आणि चिकटवायचं. असल्या लोकांना कीबोर्डला हात लावू देऊ नये.

वर्गात फाटे फोडणारं एक माणूस असतंच. इथे तिसऱ्या रांगेत एक वहीवाल्या बाई होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, सर, या चौदा ओळी कशासाठी? मी सांगितलं, त्यांना हात लावायचा नाही, त्या आहेत म्हणून चालतंय. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. मग माझा आवाज चढला. शिकायचं नसेल तर दार तिकडे आहे, म्हणालो. त्या गेल्या नाहीत, पण नंतर बोलल्याही नाहीत. (तसे डोळे करून वाचू नकोस. फार उकडत होतं.)

असो. गुडघा शेकत जा. दाजींना नमस्कार.

तुझा चिडका धाकटा

ता. क. त्या चौदा ओळी काय करतात गं? नोकरी सोडताना तू मला जो नमुना दिला होतास, त्यातल्याच आहेत. मी त्यांना कधी हात लावला नाही. वरचं तुझं नाव मात्र आठवणीने काढलं होतं. गुरुवारपर्यंत कळव.

आणखी एक ता. क. आत्ताच यादी पाहिली. एकतिसावं प्लगिन त्या बाईंचं. त्यांनी चौदाच्या चौदा ओळी काढून टाकल्या आणि वर स्वतःचं नाव घातलं. त्याच्याबद्दल एकही तक्रार नाही. मला लाज वाटली, ताई. बाईंची माफी मागायची आहे आणि सुरुवात सुचत नाही. चार ओळी तूच लिहून पाठव. खालचं नाव बदलायला मी विसरणार नाही.