काकूचा बिडाचा तवा

झाशी, मंगळवार, संध्याकाळ

काकूच्या बिडाच्या तव्यामागे ते साल मीच कोरलं. छिन्नीने, गच्चीवर बसून. सत्तावनच्या गदरच्या आधीचं साल.

घरी येईल त्याला काका सांगायचे, "हा तवा राणीसाहेबांच्या वेळचा!" म्हटलं, घ्या सबूत. खरी ओतीव अक्षरं साच्यातूनच वर उठून येतात, माझी तर खोल खरवडलेली. वाटलं, काका ओळखतील, एक धपाटा घालतील, सगळे हसतील, बस. पण त्यांना फरकच कळला नाही. उलट शेजारच्या दुबेजींना ओढून आणलं, "देखिए, खानदानी है!"

इथपर्यंत मजाच होती. मग काकू म्हणाली, "साल आहे तर बनवणाऱ्याचं नावही असेल, काळ्या थराखाली दबलेलं." विटेची भुकटी आणि लिंबू घेऊन बसली. मागे नाव सापडलं नाही म्हणून पुढूनही घासला. तिच्या सासूच्या वेळेपासून तेल मुरून झालेलं ते काळं, सगळं गेलं. नाव कुठलं निघतंय!

आज धिरडी केली, एकही सुटेना. काकूने चुरा स्वतःच्या ताटात घेतला. म्हणाली, "बाळ्या, माझा हातच बिघडला रे आता."

तिचा हात! वाट लावली ती माझ्या छिन्नीने. असा कसा मी?

उद्यापासून रोज तव्याला तेल चोळीन, तो परत काळा होईपर्यंत. तिचा हात बिघडला नाही, घासल्यामुळे तवाच चिकटतोय, हेही मीच सांगीन. पण ही वही कुणाला सापडलीच, तर हात जोडतो भैया, छिन्नीचं कुणाला सांगू नकोस. काकूला तर नाहीच नाही.